फुटकी फरशी

कुणाच्या घरी गेलं की बसायच्या आधी वाकून फरशी वाजवायची, ही मिस्त्रींची सवय काम सुटल्यावरही सुटली नाही. बोटाच्या पेरानं ठोकायचं. फरशी 'टक' बोलली तर ठीक. 'ढब' बोलली तर खाली सिमेंटचा माल नीट भरलेला नाही, पोकळी राहिली आहे. मिस्त्री तोंडानं काही म्हणायचे नाहीत, पण त्या घरचा चहा त्यांना गोड लागायचा नाही.

उभं आयुष्य त्यांनी वाकून काढलं. फरशी बसवणारा माणूस जग बघतो ते गुडघ्याच्या उंचीवरून. दवाखान्यांचे व्हरांडे, शाळांचे वर्ग, दुकानं, जिने. त्यांच्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलायची नाही, आणि न्हाणीत बादली उपडी केली तर पाणी न सांगता मोरीची वाट धरायचं. सपाट दिसणाऱ्या जमिनीला डोळ्याला न कळेल असा ढाळ देणं, ही यातली खरी मेहनत. ती कुणाला दिसत नाही. चुकली तरच दिसते.

सोबतचे कामगार त्यांना 'पाणसळ' म्हणत. पाणसळ म्हणजे पातळी बघायची पट्टी. तिच्यातल्या काचेच्या नळीत एक बुडबुडा असतो, तो मधोमध आला की काम समपातळीत. बाकीचे ती हत्यारांच्या पिशवीत ठेवत, मिस्त्री खिशात ठेवत. जेवायला बसताना डब्याखाली पाणसळ लावून बघतात, असं त्यांच्याबद्दल बोललं जाई. ते खोटं होतं. एकदाच लावली होती.

राहायला तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागे भिंतीनं बंद केलेलं अंगण, त्याला एक फाटक. अंगण म्हणजे तेव्हा दगड, चिखल आणि गवत. बायकोचे पाय गेले आणि चाकाची खुर्ची आली, तेव्हा ती खुर्ची मागच्या दारातून बाहेर पडली की रुतायची. बायकोला उन्हात बसायचं असायचं. मिस्त्रींनी अंगण खणलं, खडी ठोकली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत दगडी फरशी घातली. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती, ती सुट्टी काढून आली. माल कालवायचं काम तिनं अंगावर घेतलं. सवय नव्हती, तळहाताला फोड आले, पण शेवटच्या घमेल्यापर्यंत हटली नाही. फरशी झाली आणि तिनं आईला खुर्चीत बसवून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं.

"काय गं, हादरा बसला?" मिस्त्रींनी विचारलं.

"पोटातलं पाणी हललं नाही," बायको म्हणाली.

मिस्त्रींना मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

पण त्याच बायकोनं त्यांना दोन कामं अर्धी सोडायला लावली. एक भिंतीतलं भोक. स्वयंपाकघराच्या खिडकीवर जुना पाइप काढल्यावर मुठीएवढं भोक राहिलं होतं. मिस्त्री माल कालवून शिडीवर चढले, तेवढ्यात खालून खुर्चीतून आवाज आला.

"अहो, ते असू द्या."

"भोक आहे ते. पाणी झिरपेल."

"झिरपू द्या. बिऱ्हाड येतंय तिथे."

चोचीत काडी घेऊन एक चिमणी तारेवर ताटकळत बसली होती. मिस्त्री उतरले. कालवलेला माल फुकट गेला.

दुसरं काम फरशीचं. बायको अंगणात बसून मांडीवरच्या खलबत्त्यात काहीतरी कुटत होती. खलबत्ता निसटला आणि चाकाजवळच्या फरशीला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तडा गेला. मिस्त्री छिन्नी घेऊन आले.

"असू द्या," ती म्हणाली. "सगळं अंगण तुमचं. एवढी एक माझी."

"फुटकी?"

"फुटकीच. मी तरी कुठे साबूत आहे?"

पुढे त्या तड्यातून तण उगवलं. मिस्त्रींचा हात आपोआप तिकडे जाई. ती नुसती बघे, की हात मागे.

एका हिवाळ्यात ती गेली. मिस्त्री औषध आणायला दुकानात गेले होते, परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. लेक आली, राहिली, रडली, परत गेली. जाताना म्हणाली, "माझ्याकडे चला." मिस्त्री म्हणाले, "बघू." दर रविवारी तिचा फोन येई.

"जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"जेवलो म्हटलं ना."

"कधी येताय?"

"बघू."

एवढंच. फोन ठेवला की पुढचा रविवार येईपर्यंत मिस्त्रींच्या घरात बोलणं असं फारसं नसे. वरच्या मजल्यावर शिलाईचं काम करणाऱ्या एक वहिनी राहत. त्यांच्या मशीनचा आवाज छतातून येई, तो थांबला की मिस्त्रींना कळे, दुपार झाली. खुर्ची घडी करून दारामागे ठेवली होती. तिच्यावर टॉवेल वाळत घालायचा नाही, हा नियम त्यांनीच केला होता आणि पाळणारे तेच एकटे होते.

बायको चिमण्यांना ताटलीत दाणे घालायची. ते काम मिस्त्रींनी पुढे चालवलं, आणि काम म्हटल्यावर ते कामासारखंच. ताटली रोज घासलेली, दाणे निवडलेले, पाणी ताजं, पाव असला तर भिजवून. थंडी सरली तशी भोकातल्या बिऱ्हाडाची लगबग सुरू झाली. मग एक दिवस आतून बारीक चिवचिव ऐकू आली. मिस्त्री दारात पाट टाकून बसले आणि चहा गार होईपर्यंत ऐकत राहिले.

त्या आठवड्यातच सकाळी अंगण झाडताना भोकाच्या बरोबर खाली एक पिल्लू पडलेलं दिसलं. उघडं, डोळे न उघडलेलं, मेलेलं. पोट तेवढं टम्म फुगलेलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग चिवचिव थांबली.

वहिनी गॅलरीतून वाकल्या. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय होती. "काय झालं, मिस्त्री?"

"मेलं."

"अरेरे. पुरून टाका बिचाऱ्याला."

मिस्त्रींनी अंगणभर नजर फिरवली. पुरायला मूठभर माती नव्हती. त्यांनी स्वतःच्या हातानं सगळी झाकली होती. दोन्ही पिल्लं कागदात गुंडाळून त्यांनी रस्त्यापलीकडच्या सार्वजनिक बागेत नेलं आणि कडेच्या वाफ्यात बोटानं खड्डा करायला बसले. बागेचा माळी पाइप ओढत आला.

"काका, काय पुरताय?"

मिस्त्रींनी कागद उघडून दाखवला. माळ्यानं एका पिल्लाचं पोट बोटानं चाचपलं.

"काय घालता यांना?"

"दाणे. भिजवलेला पाव. कमी पडू देत नाही."

"तेच तर."

"तेच काय? उपाशी नाही मेलं ते. पोट बघ केवढं."

"भरलंय, पण पचलेलं नाही. दाणे खाते ती मोठी चिमणी. पिल्लाला किडा लागतो, मऊ. अळी, मावा, कोळी, काहीही. तान्ह्या पोराला फुटाणे चारले तुम्ही, काका."

"मी कुठे चारले? आईनंच चारले."

"मग काय करेल ती? समोर जे आहे तेच नेणार. चिमणी लांब जात नाही, घराच्या आसपासच शोधते. इथे आम्ही फवारणी करतो, वरून हुकूम आहे. तुमच्याकडे आहेत का किडे?"

"माझ्या अंगणात एक किडा सापडणार नाही," मिस्त्री ताठ होऊन म्हणाले. जे वाक्य आयुष्यभर फुशारकीनं सांगायचं, ते त्यांनी तसंच सांगितलं. आणि मग त्यांना ते ऐकू आलं.  माळ्यानं खुरपं पुढे केलं, पिल्लांना खड्डा खणायला.

भोकात पुन्हा काड्या जाऊ लागल्या तेव्हा मिस्त्रींनी ठरवलं, किडे लागतात ना, आणू. काम अंगावर आलं की करायचं, एवढंच त्यांना माहीत. झाकणाचा डबा घेऊन ते वस्तीच्या टोकाला पडीक जमिनीवर जात. तिथे गुडघे टेकून पानं उलटायची, अळ्या वेचायच्या. गुडघ्यांना सवय होती, डोळ्यांना नव्हती. अर्धा दिवस घालवावा तेव्हा डब्याचा तळ झाकायचा. त्या आणून ताटलीत ओतायच्या. चिमण्या घाबरून तारेवर बसायच्या आणि त्या धीट होईपर्यंत अळ्या ताटलीतून उतरून चालू लागायच्या. तापल्या फरशीवर थोडं अंतर जाऊन सुकून पडायच्या.

"मिस्त्री," वरून वहिनी म्हणाल्या, "अळ्यांना पाय असतात."

"दिसतंय मला."

"ताटलीला कठडा बांधा. फरशीचे तुकडे असतीलच तुमच्याकडे."

मिस्त्रींनी खरोखर कठडा बांधला. अळ्या तोही चढून गेल्या.

पिल्लं अंड्यातून बाहेर आली तशी नर आणि मादी दोघंही कामाला जुंपली. मिस्त्री पाटावर बसून बघत. एका घासासाठी एक फेरी. घास केवढा, तर तांदळाच्या दाण्याएवढा. चोच मोकळी झाली की लगेच परत. मिस्त्रींनी नाना तऱ्हेचे कामगार पाहिले होते, पण असं राबणारं कुणी पाहिलं नव्हतं. असा माणूस कामावर असता तर मुकादमानं त्याला हाकललं असतं, बाकीच्यांची लाज निघते म्हणून. आणि एवढं करून चोचीत काय, तर पाव.

एका सकाळी मादी फुटक्या फरशीवर उतरली. तड्यातल्या तणाच्या देठाला हिरव्या बारीक किड्यांचा मावा चिकटला होता, बुडाशी मुंग्यांची रांग होती. तिनं देठ चोचीत धरून ओरबाडला आणि सरळ भोकात गेली. परत आली, ओरबाडला, गेली. देठ कोरा होईपर्यंत तिचं हेच चाललं. मग ती शेजारच्या फरशीवर गेली. तिथून पुढच्या. सांध्यांतून चोच फिरवत तिनं सगळं अंगण पालथं घातलं. मिस्त्रींनी सांधे असे भरले होते की त्यात सुई जाणार नाही. शेवटी ती ताटलीशी आली आणि पावाचा तुकडा घेऊन वर गेली.

त्या खेपेचं शेवटचं पिल्लू जरा मोठं होऊन मेलं. पंखांना बारीक पिसं फुटली होती. माळ्यानं मिस्त्रींना येताना पाहिलं आणि खुरपं काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पलंगाखालची हत्यारं बाहेर काढली. अंगणातली फरशी उचलायची. पण सुरुवात कुठून? पोकळ फरशी असेल तिथे पहार शिरते, तिथून पुढची सहज निघते. मिस्त्री ओणवे होऊन एकेक फरशी वाजवत निघाले. टक. टक. टक. सगळं अंगण वाजवून झालं, एकही 'ढब' बोलली नाही. आपल्याच कामानं आपली वाट अडवली, हे बघून त्यांना हसू आलं. ते हसू दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून ते लवकरच ओसरलं.

उरली फुटकी. तिच्यापाशी ते बराच वेळ बसले. मग छिन्नी इतक्या हळू चालवली की दोन्ही तुकडे अखंड निघाले. ते धुऊन, पुसून भिंतीला टेकवून ठेवले. त्या खळग्यातून पहार घातली.

पुढचे दिवस फक्त घाव आणि घाम. स्वतःच्या हाताचं पक्कं काम स्वतःच उखडण्यासारखी मेहनत नाही. कुठे माल कमी असेल, कुठे हात आखडला असेल, म्हणून आशेनं पहार लावावी, तर तसं कुठेच नाही. तरुणपणच्या जोरावर बसवलेलं नव्हतं हे, साठी उलटल्यावर, बायकोसाठी बसवलेलं होतं. संध्याकाळी कंबर सरळ व्हायला भिंत लागायची.

"मिस्त्री, डोकं ठिकाणावर आहे ना?" वहिनींनी आज टाचण्या तोंडातून काढून विचारलं. "एवढी देखणी फरशी."

"देखणी आहे."

"मग?"

"त्या बाईला काही उपयोगाची नाही." त्यांनी भोकाकडे बोट केलं.

खुर्चीची चाकं ज्या वाटेनं रोज जात येत, तिथे दगडाला दोन गुळगुळीत पट्टे पडले होते. उन्हात चमकायचे. दारापासून निघून फुटक्या फरशीच्या जागेपर्यंत. त्यांच्या दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या आणि मिस्त्रींनी पहार खाली ठेवली. दुसऱ्या दिवशीही उचलली नाही. रविवार आला.

"जेवलात?"

"जेवलो. अंगणातली फरशी काढतोय."

"का? खचली?"

"नाही. खाली किडे होत नाहीत. चिमणीची पिल्लं मरतात."



"कुठपर्यंत काढलीत?"

"खुर्चीच्या वाटेपर्यंत."

"बाबा, माल मी कालवला होता."

"माहीत आहे."

"आईची म्हणून एवढी एकच गोष्ट उरली होती. मी आले की त्या फरशीवर बसते. तुम्हाला ठाऊक आहे, मी तिथे बसते. आणि तुम्ही चिमण्यांसाठी..."

मिस्त्रींना सांगायचं होतं. सांध्यातून चोच फिरवत गेलेल्या मादीचं सांगायचं होतं, तड्यातल्या माव्याचं सांगायचं होतं. पण ज्या हातांनी हजारो फरश्या बसवल्या त्यांना वाक्य बसवता येत नव्हतं.

"पिल्लं मरतात," ते पुन्हा म्हणाले.

"आई गेली तेव्हा तुमच्या डोळ्याला पाणी आलं नाही," लेक म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन वाजला नाही. मिस्त्री सकाळपासून तो खिशात घेऊन बसले होते, पाणसळीच्या जागी. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मग थांबण्यासारखं काही राहिलं नाही. त्यांनी पट्ट्यांच्या फरश्या काढल्या. त्या मात्र एकही न फोडता, आणि पलंगाखाली हत्यारांच्या जागी रचल्या.

खाली माती अशी नव्हतीच. स्वतः ठोकलेली खडी आणि चुनखडीचा चुरा. तो उपसून बाहेर टाकला, तळाची घट्ट जमीन कुदळीनं मोकळी केली. माळी बागेतला पालापाचोळा जाळायचा, तो आता पोत्यातून इकडे येऊ लागला.

"बी कोणतं लावू?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही लावू नका. पाला पसरा, पाणी मारा आणि हात खिशात ठेवा. येईल ते येऊ द्या."

"आणि मग?"

"मग काही नाही. तेच काम."

हे काम मिस्त्रींच्यानं होईना. खणायला सांगा, उचलायला सांगा, रात्रंदिवस करतील. काही न करण्याची मेहनत त्यांना कुणी शिकवली नव्हती. कुठे वेडंवाकडं तण उगवलं की हात पुढे होई, पानांचा ढीग एका बाजूला सरकला की तो सारखा करावासा वाटे. एकदा त्यांनी सवयीनं एक रोप उपटलं, लक्षात आल्यावर परत खोचलं, पाणी घातलं, तरी ते मेलं. तेव्हापासून ते दारात बसताना दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसू लागले. वहिनींनी वरून पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीनं ती फार मोठी गोष्ट होती.

पाणी मारायला मधे पाय ठेवण्यापुरती जागा हवी होती. मिस्त्रींनी फुटक्या फरशीचे दोन तुकडे आणले आणि खुर्ची असायची तिथे मातीवर ठेवले. माल नाही, नुसते ठेवले. पाय दिला तर एक तुकडा हलला. पाणसळ लावली, बुडबुडा पळत एका टोकाला गेला. खाली कपची सारायला म्हणून त्यांनी तुकडा उचलला. खालच्या ओलीत मुंग्या आपली पांढरी अंडी तोंडात धरून धावत होत्या. एक गोगलगाय होती. उजेड पडताच अंगाची गोळी करणारे राखाडी किडे होते, त्यांचं नाव मिस्त्रींना माहीत नव्हतं. निजलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसा त्यांनी तुकडा परत ठेवला. कपची खिशात राहिली.

लेकीचा फोन पुन्हा येऊ लागला, पण आखडता. "बरे आहात?" "बरा." अंगणाचं नाव ती काढत नसे, मिस्त्रीही काढत नसत. 'कधी येताय' हा प्रश्न बंद झाला. त्याला आपण 'बघू' म्हणायचो तेच बरं होतं, असं मिस्त्रींना वाटे. हिवाळा त्यांनी असा काढला. अंगणात सुकलेल्या काड्या उभ्या होत्या, आणि वहिनींच्या मशीनखेरीज आवाज नव्हता.

ऊन तापू लागलं तसं अंगण अंगावर आलं. गुडघाभर तण, कुठे पिवळी फुलं, कुठे काटेरी काहीतरी. देठांवर मावा, माव्यावर लाल ठिपक्यांचे किडे, पानांच्या पाठीला अळ्या.

"डास होतील, मिस्त्री," वहिनी म्हणाल्या.

"पाणी साचलं तर डास. ढाळ मी काढलाय. मातीलासुद्धा."

एका सकाळी ते पाव घेऊन परतले तर मागच्या फाटकाशी पाठीवर पंप घेतलेला माणूस उभा होता. इमारतीची फवारणी होती. नळी त्यानं अंगणाकडे वळवलीही होती, पण वर बघत तो थिजला होता. गॅलरीतून वहिनी अर्ध्या बाहेर आल्या होत्या, हातात कात्री.

"एक थेंब पडू दे आत," त्या त्याला सांगत होत्या. "मिस्त्री तुला फरशीखाली गाडतील. आणि त्यांनी बसवलेली फरशी कुणाला निघत नाही, विचार कुणालाही."

"मला काय, मावशी," तो म्हणाला. "तेवढंच काम कमी." पंप उचलून तो पुढे गेला.

मिस्त्रींनी वर पाहिलं. वहिनी आत गेल्या होत्या. मशीन सुरू झालं होतं.

भोकात काड्या गेल्या. पिसं गेली. मग चिवचिव. आता मिस्त्रींचा दिवस एकाच कामानं सुरू होई. भोकाखालच्या गवतात गुडघे टेकायचे आणि बोटांनी पाती बाजूला करत पडलेलं पिल्लू शोधायचं. मिळत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मिळत नसे. वर चिवचिव भरत चालली होती, तिला घसा फुटत होता. मादी आता तारेवर बसतसुद्धा नव्हती. भोकातून सुटली की सरळ तणात, तिथून सरळ भोकात. दाण्यांच्या ताटलीकडे दोघंही दमल्यावर स्वतःपुरती येत. मिस्त्री दारात हात मांड्यांखाली घेऊन बसलेले असत. आतून कुणी बोलावणारं नव्हतं, त्यामुळे उठायची घाई नसे.

आणि एक दिवस ते दुकानातून परतले तेव्हा भोक गप्प होतं.

पिशवी दारातच टाकून ते गवतात शिरले. गुडघ्यांवर, दोन्ही हातांनी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, फरशी बसवायच्या जुन्या शिस्तीनं. एक वीत जागा सोडली नाही. हाताला काटे लागले. काहीच मिळालं नाही.

"काय हरवलं, मिस्त्री?"

"पिल्लं."

"उडाली की. तुम्ही वळणावर गेलात आणि इकडे एकामागून एक. एक तर माझ्या मशीनवर येऊन बसलं, घाण करून गेलं कापडावर."

मिस्त्री गवतातच बसले. "किती होती?"

"आता मी काय मोजत बसले? हातात शिलाई होती." मग त्या जरा हळू म्हणाल्या, "सगळी गेली. मागे कुणी राहिलं नाही."

मिस्त्रींनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. ते बराच वेळ पुसत राहिले. वहिनींनी आत जाऊन मशीन सुरू केलं, कापड न लावता, नुसतंच.

त्या दिवशी रविवार नव्हता. मिस्त्रींनी फोन काढला.

"बाबा?" लेकीचा आवाज घाबरला होता. मागे माणसांची वर्दळ ऐकू येत होती. "काय झालं?"

"काही नाही. पिल्लं उडाली."

मिस्त्रींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मागच्या खेपेला मेली होती ना," मिस्त्री म्हणाले. "ह्या खेपेला उडाली."

"तुम्ही पाहिलीत उडताना?"

"नाही. मी पाव आणायला गेलो होतो."

दोघांनाही तेच आठवलं. औषधाची बाटली घेऊन परतलेले मिस्त्री आणि उघडं दार. फोन कुणी ठेवला नाही. मागची वर्दळ कमी झाली. ती चालत कुठेतरी एकीकडे गेली असावी.

"बाबा, तुमचा आवाज असा का येतोय?"

"गवतात बसलोय."



"आईची ती फुटकी फरशी? तीही गेली?"

"आहे. आणखी तुकडे न करता काढली. तिच्याच जागी ठेवलीय, मातीत. चाकांच्या पट्ट्यांच्या पण आहेत, पलंगाखाली."

"नीट बसवलीत ना?"

"नाही. हलते."

"तुम्ही बसवलेली फरशी हलते?" तिच्या आवाजात काहीतरी सैल झालं.

"हलते," मिस्त्री म्हणाले. "खाली बिऱ्हाड आहे."

लेक हसली का रडली ते त्यांना नीट कळलं नाही. "ठेवते," ती म्हणाली. "रविवारी करते. आल्यावर मला तिथे बसायला जागा ठेवा."

"कधी येतेस?"

"बघू," ती म्हणाली.

फोन खिशात टाकून मिस्त्री हाताचा टेकू घेत उठले. भोक काळं आणि रिकामं होतं. अंगणात वाऱ्यानं तण हलत होतं, आणि वरचं मशीन थांबलं होतं, म्हणजे दुपार झाली होती. दाराकडे जाताना वाटेत फुटकी फरशी आली. मिस्त्रींनी पाय उचलला, क्षणभर अधांतरी धरला आणि तिला ओलांडून पलीकडे टाकला.